तायडेबाईंच्या गाडीचं माप

गाडी खोलून पुन्हा जोडली की एखादा नट उरतोच. मिस्तरी कितीही पक्का असू द्या! गाडी चालू होते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि आपण तो नट तळहातावर घेऊन विचार करत बसतो, हा कुठला बुवा? फेकवत तर नाही, म्हणून डब्यात टाकतो. आमच्या बडनेरा रोडवरच्या वर्कशॉपात असा एक डबा भरत आला होता. किस्स्यांचंही तसंच होतं. नीट झालेली कामं आपण विसरतो, आणि साठतात ती ही कुठं तरी चुकलेलीच.

वर्कशॉप शब्बीरमियाँचं. सगळी अमरावती त्यांना उस्ताद म्हणायची. मी त्यांच्याकडे लागलो ते साठ सालाच्या आसपास. मोटारसायकली तेव्हा गावात मोजक्या, आणि होत्या त्या सगळ्या उंचपुऱ्या गोऱ्या सोजिरांसाठी बनवल्यासारख्या. आमचा माणूस वर बसला की पाय लोंबकळायचे. म्हणून गाडी ‘उतरवणं’ ही उस्तादांची खासियत. सीटमधला काथ्या कमी करायचा, मागच्या स्प्रिंगा आखूड करायच्या, पुढूनही दोन बोटं खाली घ्यायची. त्यासाठी उस्ताद माणसाला अनवाणी भिंतीला उभा करत आणि मांडीच्या सांध्यापासून टाचेपर्यंत दोरा लावत. माप माणसाचं घ्यायचं, हा त्यांचा कायदा होता.

*

अकोल्याचे एक कापसाचे दलाल आले. उंची जेमतेम पाच फूट, पण कबूल करतील तर शपथ! “गाडीच उंच आली,” असं तीनदा म्हणाले.

उस्ताद दोरा लावता लावता शांतपणे म्हणाले, “हो शेठजी. तुमची गाडी चुकून दुसऱ्याले गेली असन. त्याची तुमाले आली.”

“थेच तर म्हणून राहिलो मी,” शेठ म्हणाले, आणि समाधानानं चहा प्यायले.

*

एका ओव्हरसियरची गाडी मी एकट्यानं उतरवली. माझं पहिलंच स्वतंत्र काम. गाडी खाली आली, पण स्टँड होता तेवढाच लांब राहिला. त्यामुळे गाडी स्टँडवर तिरकी व्हायच्या ऐवजी ताठ उभी राहायची. साहेबांनी ती भाजीबाजारात लावली, कुणाचा तरी धक्का लागला आणि गाडी पलीकडच्या वांग्यांच्या ढिगावर!

भाजीवाली मावशी तडक वर्कशॉपात आली. तिनं शिवी एकही दिली नाही. एवढंच विचारलं, “मालकाचा पाय मोजला, मिस्तरी. गाडीचा मोजाले विसरला काय?”

त्या दिवशी उस्तादांच्या घरी आणि माझ्या घरी वांगीच होती.

*

आता तायडेंचं. हे सांगताना हसू येतं तिथं हसा, मला फारसं येत नाही.

अर्जुनराव तायडे मिलिटरीत ड्रायव्हर होते, मग बडनेऱ्याला रेल्वेत लागले. सहा फुटाला दोन बोटं कमी. लिलावात घेतलेली मोठी गाडी त्यांनी जिवापाड सांभाळली होती. बाई नर्स. चांदूर रेल्वेकडच्या खेड्यांत सायकलवरून बाळंतपणं करत फिरायच्या. उंची नवऱ्याच्या छातीएवढी.

अर्जुनरावांना काचबिंदू झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, नजर फार दिवस टिकणार नाही. ते आम्हाला म्हणाले, “गाडी हिच्या मापाची करून द्या. डोयात उजेड हाय तोवर शिकवून घेतो. मंग मी मागं बसत जाईन.”

उस्तादांचं तोंड पाहण्यासारखं झालं. बाईमाणूस मोटारसायकलवर! आणि त्याहून मोठा पेच म्हणजे माप. परक्या बाईला भिंतीशी उभं करून दोरा कसा लावायचा? उस्ताद बाईंशी बोलतानासुद्धा नजर जमिनीवरून उचलत नसत, आणि त्यांच्या तालमीत मीही तसाच झालो होतो. बाई बाकावर बसल्या होत्या. उस्तादांनी मला हळूच बाहेर नेलं. बाईंची सायकल कुंपणाला टेकवलेली होती. आम्ही तिच्या सीटपासून जमिनीपर्यंत दोरा लावला.

“अदब बी राह्यली, माप बी भेटलं,” उस्ताद म्हणाले. मलाही ते फार शहाणपणाचं वाटलं.

*

काम दोन दिवसांचं होतं. आम्ही तीन महिने लावले.

आधी म्हटलं, स्प्रिंगा अकोल्याहून यायच्या आहेत. मग वेल्डिंगवाला आजारी पडला. मग उस्तादांच्या मेहुण्याचं लग्न निघालं. खरं कारण वेगळंच होतं. रोडवरचे लोक विचारायचे, काय मिस्तरी, आता बायांच्या गाड्या करता काय? त्याची आम्हाला लाज वाटायची. आज मला त्या लाजेचीच लाज वाटते, पण तेव्हा मीसुद्धा गाडीवर ताडपत्री टाकून ठेवायचो, कुणाला दिसू नये म्हणून.

दर पंधरवड्याला दोघं यायचे. पहिल्यांदा अर्जुनरावांनी रस्त्यावरूनच आमच्या पाटीवरची नवी अक्षरं वाचून दाखवली. पुढे एकदा ते आमच्याच दारात ठेचाळले. नंतर बाईंच्या खांद्यावर हात ठेवून येऊ लागले. हे सगळं आम्ही पाहत होतो, आणि पुढची तारीख देत होतो.

एकदा बाई खाकी पॅन्ट घालून आल्या. वर लांब झंपर. उस्ताद भिंतीकडे तोंड करून बोलू लागले.

बाई अर्जुनरावांकडे हात करून म्हणाल्या, “यायची मिलिटरीतली पॅन्ट हाय, उस्ताद. मी एका दिवसात कापून माह्या मापाची केली. गाडीले किती दिवस लागतात?”

*

शेवटी गाडी दिली. उस्तादांनी सायकलचं माप अर्ध्या इंचाचाही फरक न करता बसवलं होतं. तेवढं मात्र चोख!

फक्त एक गोष्ट आमच्या दोघांच्याही डोक्यात आली नाही. सायकल थांबवताना बाई सीटवरून पुढे सरकून खाली उतरतात. सायकलच्या सीटवर बसल्या बसल्याही त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते!

पहिले दोन दिवस मैदानात अर्जुनरावांनीच गाडी धरली होती. तिसऱ्या दिवशी रस्त्यावर रेल्वेचं फाटक लागलं म्हणून बाईंनी ब्रेक मारला, पाय खाली सोडला आणि खाली काहीच लागलं नाही. गाडी दोघांना घेऊन आडवी झाली. अर्जुनरावांना खरचटलं, बाईंचं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून बाई दुसऱ्याच दिवशी अर्जुनरावांना घेऊन आल्या. सायकलचा प्रकार मी त्यांना सांगून टाकला. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार.

“मी इथंच बसली होती नं, भाऊ,” त्या म्हणाल्या. “मले कावून नाही विचारलं?”

मग त्या स्वतःच चप्पल काढून भिंतीला उभ्या राहिल्या. दोऱ्याचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं अर्जुनरावांनी चाचपत टाचेला लावलं. दोन मिनिटं लागली. ती दोन मिनिटं आम्ही पहिल्याच दिवशी दिली असती तर, हे मी तेव्हापासून किती वेळा म्हटलं असेन.

*

गाडी दुसऱ्या संध्याकाळीच तयार झाली. स्टँडही कापला. पण प्लास्टर निघेस्तोवर अर्जुनरावांना उजेड आणि अंधार एवढाच फरक कळायला लागला होता. त्यांनी बाईंना पुढचं शिकवलं ते मागं बसून, इंजिनच्या आवाजावर. आवाज चढला की पाठीवर टिचकी मारायचे, म्हणजे गिअर बदल.

महिन्याभरानं एका सकाळी दोघं वर्कशॉपसमोर आले. बाईंनी गाडी थांबवली. रस्त्यावरची चार माणसं उभी राहिली, पण हसलं कुणी नाही. अर्जुनराव मागून उतरले, गाडीला हात लावत लावत पुढे आले आणि खाली बसले. बाईंच्या चपलेखाली बोट सरकवून पाहिलं. बोट जाईना. टाकी धरून पलीकडे गेले, दुसऱ्या चपलेपाशीही तसंच पाहिलं. मग हात झटकून उठले.

“बराबर टेकले,” ते म्हणाले. “आता दिसते कशी, उस्ताद?”

उस्ताद लगबगीनं सांगू लागले. मागून दोन इंच खाली आली आहे, पुढून दीड, टाकीची रेघ सरळ दिसते, ठेंगणी अजिबात वाटत नाही.

अर्जुनरावांनी ऐकून घेतलं.

“गाडीचं नाही विचारून राहिलो,” ते बाईंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. “हे कशी दिसते तिच्यावर, थे सांगा.”

उस्ताद आणि मी, दोघंही सवयीनं जमिनीकडेच पाहत उभे होतो.