आत्याबाईंची दुसरी साक्ष

आमच्या जालन्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. माझ्या आत्याबाईंचं लक्ष कायम वर. वर म्हणजे स्वर्गात. नवीन कपाट घ्यायचं म्हटलं की त्या म्हणणार, "कशाला गं? सोबत न्यायचंय का?" पोरीनं परीक्षेत चांगले मार्क आणले की, "छान झालं हो, पण वर कुणी मार्क विचारत नाही." एकदा मी वैतागून म्हटलं, "आत्याबाई, वर स्वयंपाक कोण करतं तेवढं विचारून ठेवा. मलाच करायचा असेल तर मी येत नाही." त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. त्या चिडत नाहीत, हीच तर पंचाईत. चिडणाऱ्या माणसाशी निदान भांडता तरी येतं.

माझा देवावर विश्वास नाही असं नाही. माझाही जन्म ख्रिस्ती घरातला, प्रार्थनेशिवाय घास तोंडात घालत नाही. पण मला गॅसचा नंबर लावायचा असतो, पाणी भरायचं असतं. आमचे हे यंत्रमागावर बारा तास उभे राहून येतात, त्यांची पाळी बदलली की अख्ख्या घराचं झोपणं-उठणं बदलतं. मी घरी बसून साड्यांवर खडे चिकटवते. सुरतेच्या डिंडोलीत आमच्या गल्लीत दारोदारी हेच काम. व्यापाऱ्याचा माणूस टेम्पोतून गठ्ठे टाकून जातो आणि दुसऱ्या दिवशी छातीवर उभा राहतो, "बेन, थयुं के नहीं?" म्हणजे झालं की नाही? अशा वेळी माझं लक्ष वर कसं लागणार? माझं लक्ष डिंकाच्या नळीकडं.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारी उपदेशाच्या आधी साक्षीची वेळ असते. चर्च कसलं, एका फरसाणाच्या दुकानावरचा भाड्याचा हॉल. खालून गाठ्या तळल्याचा वास येतो आणि वर आम्ही गीतं गातो. तर साक्ष म्हणजे ज्याला प्रभूनं काही दिलं, त्यानं उभं राहून चारचौघांत सांगायचं. कुणाची दारू सुटली, कुणाच्या भावाला काम लागलं. सांगितलं की लोक टाळ्या वाजवतात, हालेलूया म्हणतात. ऐकून बरं वाटतं. पण एकदा साक्ष दिली की दिली. देवासमोर बोललेलं मागं कसं घ्यायचं?

त्या रविवारी आत्याबाई उठल्या. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर. म्हणाल्या, "पहाटे प्रार्थनेला बसले होते. माझ्या अंगावरून एक ऊबदार हात फिरला. प्रभूनं माझी शुगर काढून टाकली. मी बरी झाले." हॉल नुसता दणाणून गेला. शेजारच्या बायकांनी माझे हात धरले. मीही टाळ्या वाजवल्या, पण डोळ्यांपुढं घरातला औषधांचा डबा होता. कारण आत्याबाईंची शुगर म्हणजे साधीसुधी नव्हे. सकाळ-संध्याकाळ सुई आणि वर मूठभर गोळ्या.

घरी आल्यावर त्यांनी सगळी औषधं माझ्या ओच्यात टाकली. "दुकानात परत देऊन ये."

"अहो, आधी एकदा तपासून तरी घेऊ."

"तपासायचं म्हणजे देवाची परीक्षा बघायची. आता मी गोळी घेतली तर तो खोटा पडेल ना गं."

ह्यांना सांगितलं, तर हे चपला काढता काढता म्हणाले, "आईचा विश्वास आहे. तू मध्ये पडू नको." म्हणाले खरं, पण माझ्याकडं बघितलं नाही. त्यांचे वडील गेले तेव्हा हे लहान होते. आईनं सांगितलं, बाबा वर आहेत, आणि हे तेवढ्यावर वाढले. आईच्या विश्वासाला हात लावायचा म्हणजे ह्यांच्या पायाखालची फरशीच काढायची. मी औषधं परत दिली नाहीत. शिलाई मशीनच्या खणात ठेवली.

पुढं कोजागिरी झाली आणि दुसऱ्या दिवशी चंदी पडवो आला. सुरतेत त्या दिवशी घारी, म्हणजे माव्याची गोड पुरी, खायची, मग तुम्ही कुठल्याही गावचे असा. समोर खान्देशातली एक बाई राहते, तिनं घारीचा डबा आणला. तुपानं नुसती थबथबलेली. आत्याबाईंनी किती वर्षांनी घारी तोंडात घातली! डोळे मिटून खाल्ली. दुसरीही खाल्ली. "बघ, काही होत नाही," असं मला म्हणाल्या. मला रागही आला आणि भरूनही आलं. लेकरासारखा चेहरा झाला होता हो त्यांचा.

त्यानंतर दिवाळीचं काम निघालं. घरभर साड्या आणि फरशीवर खडेच खडे. एका दुपारी आत्याबाई पाय पसरून उंबऱ्यात बसल्या होत्या. समोरची बाई केस विंचरत होती, ती एकदम ओरडली, "देख ना माय, तुनी सासूना पायले काय लागेल शे!" मी जाऊन बघितलं. अंगठ्याच्या खाली, मांसात, हिरवा खडा रुतलेला. नुसता रुतलेला नाही, भोवती काळं पडलेलं. वास येत होता.

"आत्याबाई, हे दुखत नाही तुम्हाला?"

"काय दुखायचंय?"

बया बया! शुगरवाल्यांना पायाची जाणीव राहत नाही, हे डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. किती दिवस त्या तो खडा घेऊन चालत होत्या कोण जाणे. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात. त्या म्हणाल्या, हळद लाव.

मी तशीच उठून पाळकांकडं, म्हणजे आमच्या चर्चच्या पाद्रींकडं, गेले. आमचे पाळक नवापूरकडचे, तरुण आहेत, मनानं चांगले. सगळं ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. "मावशी, मी येऊन प्रार्थना करतो. पण औषध घ्या असं मी कसं सांगू? लोक म्हणतील, पाळकालाच विश्वास नाही. त्या साक्षीनंतर कितीतरी माणसं उपासनेला नव्यानं यायला लागलीत." म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मला त्यांची दया आली, पण त्या दयेचा मला काय उपयोग? आले तशीच परत.

आत्याबाई खाटेवर बसून होत्या. पाय खुर्चीवर, त्याला हळद. मी दार लावून घेतलं आणि त्यांच्यासमोर फरशीवर बसले.

"मला खरं सांगा. तुम्हाला खरंच वाटतं तुम्ही बऱ्या झालात?"

त्यांनी आधी दाराची कडी नीट लागली का ते बघितलं. मग म्हणाल्या, "हात फिरला तो खरा. त्यात खोटं नाही. पण मला वाटलं, तो न्यायला आलाय. मी तेच सांगायला उभी राहिले होते. सगळे माझ्याकडं बघत होते आणि तोंडातून 'बरी झाले' निघून गेलं. टाळ्या पडल्या. मग मागं कसं फिरू?" आणि पुढं म्हणाल्या, "मग म्हटलं, हेही बरंच झालं. सुया नाहीत, कटकट नाही. लवकर जाता येईल."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. इतके दिवस मी समजत होते, म्हातारीचा विश्वास जास्त झालाय. आणि ही तर चक्क बिऱ्हाड आवरून बसलेली!

"आत्याबाई," मी म्हटलं, "बोलावणं आल्याशिवाय तुम्ही कुणाच्या बारशालाही जात नाही. सख्ख्या भाचीकडं गेला नाहीत, पत्रिका घरी आणून दिली नाही म्हणून. आणि देवाच्या दारात मात्र बिनबोलावता जाऊन उभ्या राहणार? तो काय म्हणेल? ये बाई, अजून चूलही पेटवली नाही?"

त्या पाय खाली घ्यायला लागल्या, मी तो परत खुर्चीवर ठेवला.

"आणि आम्ही कोण? तुम्हाला गाडीत बसवून द्यायला आलेले हमाल? तुम्हाला वर सगळं आहे. नवरा आहे, देव आहे. मला इथं कोण आहे? माझी आई मला आठवतसुद्धा नाही. मला पहिल्यांदा भाकरी थापायला तुम्ही शिकवलं. माझ्या दोन्ही बाळंतपणांत माझी घाण तुम्ही काढली. मला तुम्ही पाहिजे आहात. झालं? आता ऐकलंत?"

एवढं बोलले आणि मला रडूच कोसळलं. भांडायला बसले होते आणि नाक पदराला पुसत होते. आत्याबाई माझ्याकडं अशा बघत होत्या, जशी मी कुणी अनोळखी बाई आहे. त्यांना खरंच माहीत नव्हतं की काय! मग त्यांनी वाकून माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "रिक्षा बोलव."

अंगठा गेला. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर पाऊल गेलं असतं, कदाचित माणूसही. सरकारी दवाखान्यातल्या त्या खाटेवर आत्याबाईंनी स्वतःहून दंड पुढं केला आणि सुई घेतली. हे खालच्या मजल्यावर औषधांच्या रांगेत उभे होते. वर येऊन आईच्या पायाच्या पट्टीकडं बघितलं आणि व्हरांड्यात जाऊन रडले.

माझ्या लेखी विषय संपला होता. पण घरी आल्यावर, पायाची जखम जरा भरल्यावर, एका शनिवारी आत्याबाई म्हणाल्या, "उद्या मला साक्ष द्यायचीय."

मी हबकले. "कशाला आता? लोकांना वाटतंय पायाला काहीतरी लागलं म्हणून. वाटू दे की. आपलेच दात आपलेच ओठ. मंडळीत तुमचा मान आहे, लोक तुमच्या पाया पडायचे बाकी आहेत."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या.

रविवारी काठी टेकत त्या जिना चढल्या. एकेका पायरीवर दम खात. साक्षीची वेळ आली तशा उठल्या. मी त्यांची काठी धरून ठेवली.

"मागं मी सांगितलं होतं की माझी शुगर गेली," त्या म्हणाल्या. "ती गेलेली नाही. माझा अंगठा गेला. प्रभू खोटा नाही. घाई मी केली. मला वर जायचं होतं आणि मी त्याला विचारलं नाही. आता मी सुई घेते, सकाळ-संध्याकाळ. सून टोचते. हात हलका आहे तिचा."

कुणी टाळी वाजवली नाही. कुणी हालेलूया म्हटलं नाही. खाली कढईत काहीतरी चुरचुरत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. पाळक मान खाली घालून उभे. आत्याबाई बसेनात. मी त्यांचा पदर ओढला तरी बसेनात. तेवढ्यात मागच्या बाजूला खुर्ची सरकली. एक तरुण बाई लहान मुलीचा हात धरून झपाझप बाहेर गेली.

उपासना संपल्यावर आम्ही जिन्याकडं आलो, तर ती पायरीवर बसून हुंदके देत होती. मुलगी तिच्या ओढणीचा गोंडा चघळत शेजारी उभी. पाळकांनी ज्या नव्या माणसांचं सांगितलं होतं, त्यातलीच ही. यवतमाळकडची, नवरा बांधकामावर.

"काय झालं गं?" आत्याबाईंनी विचारलं.

"आज्जी, हिला फिट येते," ती म्हणाली. "गोळ्या चालू होत्या. तुमची साक्ष ऐकली आणि मीही म्हटलं, आपणही विश्वास धरावा. बंद केल्या. आता पुन्हा यायला लागली. परवा तर चुलीजवळ पडली होती."

आत्याबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. मी त्यांना सावरायला हात पुढं केला, तर त्यांनी तो झटकला. "घर कुठंय तुझं?"

घर जवळ नव्हतं. रिक्षा करू म्हटलं, तर तेवढा वेळ त्यांना थांबवेना. काठी आपटत, पट्टी धुळीनं माखत, भर उन्हात त्या चालत निघाल्या आणि आम्ही मागं. खोलीत शिरल्या शिरल्या म्हणाल्या, "गोळ्या आण." मुलीच्या आईकडून डॉक्टरांचा नंबर घेऊन मी पाळकांना फोन लावला, त्यांनी डॉक्टरांना विचारून सांगितलं की आज गोळी सुरू करा आणि उद्या सकाळी तिला घेऊन या. पाळक म्हणाले, "मी सोबत येतो." आवाज बसलेला होता त्यांचा.

त्या पोरीच्या आईनं फळीवरून पाकीट काढलं. गोळी तळहातावर घेतली आणि तशीच उभी राहिली.

"आज्जी, आता दिली तर प्रभू रागवणार नाही ना?"

"रागवला तर माझं नाव सांग," आत्याबाई म्हणाल्या.

मुलगी तोंड उघडेना. आत्याबाई फरशीवर बसल्या, तो दुखरा पाय कसातरी दुमडून, आणि तिला मांडीत घेतलं. गोळी पाण्याबरोबर गेली. तोंड उघडायला लावून जिभेखाली बघितलं, खरंच गेली का. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना सुरू केली. मला वाटलं, आता नेहमीसारखं स्वर्गाचं, सोन्याच्या रस्त्यांचं येणार. पण त्या म्हणाल्या, "प्रभू, हिला इथंच ठेव. या डिंडोलीत हिला म्हातारी होऊ दे. हिचे केस पांढरे होऊ दे, दात पडू दे. हिनं सुनेशी भांडावं, नातवंडांना मारावं, शेजारणीची घारी खावी. घाई करू नको रे बाबा. तुझ्याकडं जागा पुष्कळ आहे, ती कुठं पळून जात नाही."

आमेन मी मोठ्यानं म्हटलं, डोळे उघडे ठेवून. मुलगी त्यांच्या मांडीवर झोपून गेली होती आणि त्या तिच्या केसांतून हात फिरवत होत्या.