भोंग्यातली हाक

बसस्थानकावर तिला सगळे घोषणाताई म्हणत. कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागेल, कोणती उशिरा सुटेल, हे काचेच्या खोलीत बसून ती इतक्या शांतपणे सांगायची की गाडी रद्द झाल्याचं ऐकूनही माणसं फारशी चिडत नसत. माइक बंद झाला की मात्र तिचा आवाज शेजारच्या टेबलापर्यंतही पोचायचा नाही. चहावाल्याला बोलवायचं तर ती उठून त्याच्याजवळ जायची.

लहानपणी ती अशी नव्हती. वडील यंत्रमागावर कामाला होते आणि मागांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले. संध्याकाळी ते दाराकडे पाठ करून पायरीवर बसत. आईची हाक त्यांच्यापर्यंत जात नसे, धाकटा भाऊ तर ओरडून ओरडून रडकुंडीला यायचा. हिची हाक तेवढी ऐकू जाई. मग ते वळून म्हणत, "ओरडतेस काय? बहिरा आहे का मी?" आणि सगळं घर हसायचं. वडील गेले आणि हिचं आवाज चढवणंही सुटलं. तिने तसं ठरवलं वगैरे नव्हतं, हाक मारावी असं कुणी उरलं नव्हतं एवढंच.

एकदा गाडीची वाट पाहत असलेल्या एका तरुणीने तिच्या काचेवर टकटक केली. ती व्हिडिओ गेमसाठी आवाज रेकॉर्ड करायची. तिच्या कंपनीचा नवा गेम मारधाडीचाच होता, पण नायिकेच्या हातात बंदुकीऐवजी भोंगा होता. यंत्रांनी बळकावलेल्या शहरातून ती भोंगा तोंडाला लावून ओरडत जाते आणि त्या आवाजाच्या धक्क्याने समोरच्या यंत्रांच्या ठिकऱ्या उडतात. त्या ओरडण्यासाठी बरेच नट-नट्या येऊन गेले होते, पण सगळ्यांचं ओरडणं नुसतं रागाचं वाटत होतं. तुम्ही ओरडून बघाल का, असं तिने विचारलं तेव्हा घोषणाताईला हसूच आलं. तरी सुट्टीच्या दिवशी ती त्यांच्या स्टुडिओत गेली.

तिथे तिची चांगलीच फजिती झाली. जोर लावून ओरडली तरी 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' असाच सूर निघायचा. तरुणीने तिला पाणी दिलं, आणि आपण कुठे ओरडतोय ते दिसलं तर सोपं जाईल म्हणून समोरच्या पडद्यावर गेम लावला. त्या गेममध्ये नायिका कायम पाठमोरी दिसते, खेळणारा तिच्या मागोमाग चालत असल्यासारखा. पडद्यावर ती एका पडक्या इमारतीच्या पायरीवर उभी होती. पलीकडून यंत्रं येत होती, पण घोषणाताईचं तिकडे लक्षच नव्हतं. ती त्या पाठीकडे बघत राहिली.

"बाबाऽऽ!" तिच्या तोंडून निघालं. "आत या, बाबाऽऽ!"

तरुणीने कानावरचे हेडफोन उतरवले. मग तिने हळूच विचारलं, पुन्हा जमेल का? जमलं, पुष्कळदा जमलं. घरी येऊन घोषणाताईने गुळण्या केल्या आणि दुसऱ्या दिवशी स्थानकावर घसा बसलाय एवढंच सांगितलं.

गेम बाजारात आला तेव्हा तिच्या हाकेतले शब्द कापून टाकलेले होते. उरला होता तो नुसता लांबवलेला स्वर. एका रविवारी सकाळी धाकट्या भावाचा फोन आला. तो दुसऱ्या शहरात राहायचा, कामापुरताच फोन करायचा. बाहेरच्या खोलीत त्याची मुलगी गेम खेळत होती आणि तो अर्धवट दाढी टाकून धावत आला होता.

"ताई, आमच्या टीव्हीत बाबांना कोण हाक मारतंय?"

ती म्हणाली, "मीच."

तो हसला. म्हणाला, लेकीला तीच हाक पुन्हा पुन्हा मारायला लावतोय, समोर एकही यंत्र उरलं नाही तरी. मग तो म्हणाला, "मला वाटायचं, माझ्या हाकेला ते मुद्दाम वळत नाहीत."

"वेडा आहेस का?" ती म्हणाली. "पानावर बसले की पहिलं विचारायचे, धाकटा कुठाय?"

हे त्याला माहीत नव्हतं. तो तेव्हा गल्लीत खेळत असायचा.

आता रविवारी त्याचा फोन असतोच. विशेष काही नसतं. भाचीची परीक्षा, वहिनीचा दुखरा गुडघा, एखादा गळका नळ. पण नळाबद्दलसुद्धा दोघं सविस्तर बोलतात.