पेढीतल्या माठाचं पाणी

अनसिंगच्या चंपाबाईला भित्री कुणी म्हटलं नसतं, पण शंकेखोर म्हणायला सगळं गाव तयार होतं. दुकानदारानं आपणहून चिमूटभर हळद जास्त घातली, तर ती तिथंच पुडी उघडून वास घ्यायची. म्हणूनच नात्यात कुणाच्या पोरीचं जमायला आलं की मुलाचं घर पाहायला हिला आधी न्यायचे.

घर पाहायची तिची रीत अगदी साधी. टेकायचं आणि पाणी मागायचं. पाणी कोण आणतं, कशातून आणतं, पेला विसळतं का, देताना कुणाच्या तोंडाकडे बघतं, एवढं पाहिलं की तिचं काम झालं. लहानपणी रिकामी घागर घेऊन विहिरीपासून लांब उभी राहिलेली बाई ती. कुणाला दया आली तर वरून ओतायचे. पुढं बौद्ध धम्माची दीक्षा झाली, वस्तीला स्वतःची विहीर झाली, पण पाण्यावरून माणूस जोखायची सवय काही सुटली नाही.

सत्त्याहत्तर साली तिची भाची पंचफुला हिला मुंबईचं स्थळ आलं. मुलगा रिसोडकडचा, जानराव इंगोले. आईबाप नाहीत, मॅट्रिक झालेला, फोर्टात कुठल्याशा पेढीत कारकून. पंचफुलेचा बाप पुंजाजी एवढ्यावरच हरखला.

"कारकून हाय बाई! खुर्ची-टेबल, डोक्यावर पंखा!"

"तू पाह्यला पंखा?" चंपाबाईनं विचारलं.

पंखा कुणीच पाहिला नव्हता. सहा डिसेंबरला दोघं बहीणभाऊ चैत्यभूमीला जाणारच होते. दुसऱ्या दिवशी मुलगा पाहून परतायचं ठरलं.

जानराव बोरीबंदरला घ्यायला आला. कडक इस्त्रीचा शर्ट, तेल लावून बसवलेले केस. नमस्कार वाकून केला. चंपाबाई म्हणाली, "काल दिसला नाही तू दादरले?"

"गर्दी लय होती, आत्याबाई."

"गर्दी तं आमालेही होती."

तो हसला आणि म्हणाला, "चला, आज रजा टाकली. तुमाले सारा फोर्ट दाखवतो." रजेच्या दिवशी हा ऑफिस कसं दाखवणार, हा प्रश्न चंपाबाईनं पदराला गाठ मारावी तसा मनात ठेवला.

सुरुवात स्टेशनाच्याच इमारतीपासून झाली. जानराव मोठा हुशारीनं सांगत होता. हा घुमट, ह्या कमानी, हा दगड. भिंतीतून दगडी जनावरं माना काढून बाहेर डोकावत होती.

"हे कायले बसवले?" पुंजाजीनं विचारलं.

"पावसाचं पाणी यायच्या तोंडातून खाली पडते."

पुंजाजीनं तोंडावर हात ठेवला. चंपाबाई म्हणाली, "मले तहान लागली. तुह्यं ऑफिस कुठीसाक हाय?"

"ऑफिस लांब हाय. हे घ्या, इथं पाणपोई हाय." खरंच होती. देवळासारखी कोरीव दगडी पाणपोई. चंपाबाई दोन घोट प्यायली. सडकेवरचं पाणी कुणालाही मिळतं, त्यासाठी जावई कशाला लागतो?

पुढं दोन्ही अंगांना कमानींचा लांबलचक रस्ता होता. जानराव एकेक इमारत सांगत चालला होता. ही बँक, ही विमा कंपनी, हे पारशाचं दुकान. मधेच तो म्हणाला, "या बाजूनं ऊन लागते," आणि दोघांना पलीकडे घेऊन गेला. पलीकडे तर ऊन जास्तच होतं. थोडं पुढं जाऊन त्यानं पुन्हा रस्ता ओलांडला. मधल्या इमारतींविषयी चकार शब्द नाही. चंपाबाईनं मागं वळून पाहिलं. एका मोठ्या दारातून वह्या घेतलेली पोरं बाहेर पडत होती. दारावरची पाटी तिला वाचता येत नव्हती.

"याचं देणं असन तिथं कोनाचं," ती भावाच्या कानाशी लागली.

"तुले तं सगळ्याच डाळीत काळं दिसते," पुंजाजी वैतागला.

कारंज्याच्या चौकातून ते कोर्टाकडे गेले, मग विद्यापीठाच्या उंच मनोऱ्यापाशी. मान मोडेस्तोवर वर पाहावं लागत होतं.

"वर माणसाइचे पुतळे हायेत," जानराव म्हणाला. "या मुलखातल्या जातीजातीचे लोक घडवले म्हणतात. ज्याचं त्याचं पागोटं, ज्याचा त्याचा पोशाख."

"आपला हाय काय त्याच्यात कोनी?" पुंजाजीनं विचारलं.

जानरावानं इकडे तिकडे पाहिलं. बाजूनं दोन वकील चालले होते. "लय उंच हाय ना," तो हळू आवाजात म्हणाला, "खालून समजत नाही."

चंपाबाईला पुतळ्यांचं काही पडलं नव्हतं. पोराचा आवाज का बसला, हे तिला पाहिजे होतं. मनाशी तिनं उत्तर बसवून टाकलं. नोकरीबिकरी काही नाही. हा फुटपाथवर काहीतरी विकत असणार, आणि ओळखीचं कुणी भेटेल म्हणून बिचकतो आहे.

मग गोल बागेजवळच्या जुन्या टाऊन हॉलच्या रुंद पायऱ्यांवर ती बसली ती बसलीच. पांढऱ्या खांबांची मोठी शोभा होती, पण तिनं पाठ करून बसायचं ठरवलं.

"मले पाणी पाह्यजे."

"कोपऱ्यावर रसवंती हाय, आत्याबाई."

"तुह्या ऑफिसातल्या माठाचं पाह्यजे. नसन ऑफिस तं तसं सांग. आमी गाडीत बसतो अन् जातो."

पुंजाजी लाजून खांबाआड गेला. जानरावाचा चेहरा उतरला. त्यानं शर्टाची कॉलर सारखी केली. मग म्हणाला, "चला."

आता पळून जाईल, अशा शंकेनं चंपाबाई त्याच्या मागोमाग चालली. पण गल्लीतल्या इमारतीत तो सरळ शिरला. लाकडी जिना, पितळी मुठीचं दार. आत बंदरातला माल सोडवून देणारी पेढी. टाइपरायटर खडखडत होते. दारातच कुणीतरी म्हणालं, "अरे इंगोले! रजेवर ना तू?" खिडकीजवळ टेबल होतं, खुर्चीच्या पाठीवर त्याचा स्वेटर होता, आणि वर पंखा गरगर फिरत होता.

पुंजाजीनं बहिणीकडे असं पाहिलं, जणू त्यानंच पंखा बसवला होता.

खोटं बोलायचं कारण नाही, चंपाबाईला बरं वाटलं. म्हातारा शिपाई, तांबेमामा म्हणायचे त्याला, पेला विसळून पाणी घेऊन आला. तिनं पेला तोंडाला लावला. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला कारकून म्हणाला, "इंगोले, कोण रे पाहुणे?"

जानराव म्हणाला, "कुणी नाही. गावाकडचे. ओळखीचे आहेत."

पेला तिथंच थांबला. दादरला न येणं, बाजू बदलून चालणं, मनोऱ्याखाली बसलेला आवाज, सगळं एकदम तिच्यासमोर आलं. इंगोले तर गावात मराठेही होते. इथल्या लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं होतं, आणि यानं समजू दिलं होतं.

चंपाबाईनं पाणी पूर्ण पिऊन टाकलं. पाण्याचा काही दोष नव्हता. मग रिकामा पेला तांबेमामाच्या हातात देत खणखणीत म्हणाली, "जयभीम, भाऊ."

टाइपरायटर थांबले. म्हाताऱ्यानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग जानरावाकडे. "जयभीम, बाय," तो म्हणाला. "या हापिसात मला आज पयल्यांदा कोणी म्हटलं."

जिन्यावरून उतरताना जानराव घाईघाईनं बोलत होता. "आत्याबाई, म्या खोटं नाही बोललो. त्याइनं इचारलं नाही, म्या सांगतलं नाही. खोली बी तशीच भेटली. इथं लोक तोंडानं गोड राह्यतात, पण..."

"मले माहीत नाही काय लोक? पंचफुलेले काय सांगशील? बाहेर कोनी इचारलं तं ओळखीची म्हन?"

तो दोन पायऱ्या भराभर उतरून पुढं झाला.

"जाऊ दे न बाई," पुंजाजी काकुळतीला आला. "पंखा तं हाय ना."

"पंख्याले पोरगी द्यायची हाय काय?" मग ती जानरावाकडे वळली. "लग्नाच्या पत्रिका छापू. वर बुद्ध अन् बाबासाहेब, दोघाइचे फोटो. थ्या तू आपल्या हातानं टेबलाटेबलावर वाट. मंग माहा होकार."

जानराव हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. परतताना मात्र त्यानं रस्ता ओलांडला नाही. त्या वह्यावाल्या पोरांच्या दारासमोर येऊन तो उभा राहिला.

"आत्याबाई, हे बाबासाहेबांचं कॉलेज. सिद्धार्थ कॉलेज."

चंपाबाईनं पायातली चप्पल काढली, भिंतीच्या दगडाला हात लावला, तो कपाळाला लावला. "सकाळी मुकं होतं काय हे?" ती म्हणाली. पण आवाज जरा उतरला होता.

पत्रिका छापून मुंबईला गेल्या. वाटल्या, असा निरोप आला. चंपाबाई म्हणाली, "वाटल्या म्हनाले काय लागते?" पंचफुला रुसली, पुंजाजी चिडला, पण तिचा होकार काही आला नाही. वैशाखात वऱ्हाड यायच्या दिवशी ती माठ आणि पेला घेऊन एसटी स्टँडवर जाऊन बसली. मुंबईच्या ऑफिसातलं एक माणूस उतरलं तर होकार, नाही तर ती मांडवात पाऊल टाकणार नव्हती.

गाडीतून आधी नवरदेव उतरला. मागून ट्रंक सांभाळत तांबेमामा. चंपाबाई उठली नाही. तो तर आपलाच होता. मग घामानं चिंब झालेला, चष्मा पुसत पुसत तो शेजारच्या टेबलावरचा कारकून उतरला. त्याच्या वरच्या खिशातून पत्रिकेचं टोक दिसत होतं.

जानराव म्हणाला, "हे आमच्या ऑफिसातले. अन् ह्या माह्या आत्याबाई."

चंपाबाईनं पेला विसळून, भरून त्या कारकुनापुढे धरला आणि नजर त्याच्या तोंडावर रोखली. त्यानं तो एका दमात रिकामा केला, आणि पुन्हा पुढं केला.

"ऊन लय हाय," ती पुंजाजीला हळूच म्हणाली, "त्याच्यानं पाणी पेलं असन."

पण दुसरा पेला तिनं काठोकाठ भरला, आणि माठ उचलून सगळ्यांच्या पुढं मांडवाकडे चालू लागली.