हिराच्या नावाची ऊ

प्रोफेसर मायदेवांचं नाव निघालं की अजूनही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. पण ही हकिकत भागूबाईची आहे, म्हणून त्यांना लागेल तेवढीच जागा देतो.

मी हर्ण्याच्या शाळेत मास्तर होतो. भागूबाई तिथलीच कोळीण. संध्याकाळी लिलावाआधी बायका वाळूवर मासळी मांडायच्या, तेव्हा हिचा अंगठा माशांच्या कल्ल्यांतून भराभर फिरायचा. माशांनाही उवा असतात. गिऱ्हाइकाच्या नजरेला पडायच्या आत त्या काढून टाकायच्या आणि परक्यापुढे त्यांचा विषयही काढायचा नाही, ही किनाऱ्यावरची रीत. सगळ्या बायका काढून फेकायच्या. भागूबाई फेकायच्या आधी बघायची.

तिची एकुलती पोर, हिरा, सातव्या वर्षी तापानं गेली. फोटो कुठला असणार? शाळेत घातली नव्हती, त्यामुळे माझ्या हजेरीपटावरही तिचं नाव नाही.

१९२७च्या नाताळात मायदेव मुंबईहून आगबोटीनं आले. तिकडे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. माशांच्या उवांत कोण कोणाच्या कुळातली, याची वर्गवारी करत होते. किनाऱ्यावर विचारायला गेले तर बायकांनी तोंडं फिरवली. "आमच्या म्हावऱ्याला असलं काय नाय," त्यांच्यातल्या तुळसानं सुनावलं. मग मीच त्यांना भागूबाईकडे नेलं. ही चूक माझी, ती कबूल करतो.

मायदेवांनी तिच्या ओटीवर तीन बाटल्या मांडल्या. एकीत कातडीवर पळणारी चपटी ऊ, दुसरीत कल्ल्याला चिकटणारी, तिसरीत नुसता दोऱ्यासारखा जीव, माशाच्या अंगात डोकं खुपसून बसणारा.

"यांतल्या सख्ख्या कोण?" त्यांनी गमतीनं विचारलं.

"सगळ्या एकाच घरच्या," भागूबाई म्हणाली. "ह्या दोरीला पण मागं अंड्यांच्या दोन वेण्या हायत, बघा. अंडी खाऱ्या पाण्यात वाडग्यात ठेवा. पोरं सगळ्यांची सारखीच निघतात, ठिपक्याएवढी, टुणटुण उडणारी. मोठेपणी जी ती आपल्या बिऱ्हाडापरमाणं बदलते."

मायदेवांनी तिसरी बाटली उचलून उजेडात धरली. वाटेत मला म्हणाले, "मास्तर, हे पुस्तकांत येऊन शंभर वर्षं झाली. पण त्याआधी मोठमोठे पंडित त्या दोऱ्याला जंत समजत होते. आणि ही बाई वाडग्यात बघून सांगते!"

तेव्हापासून ते दर नाताळात येऊ लागले. तिसऱ्या वर्षी भागूबाईनं त्यांच्या ओंजळीत घबाडच टाकलं. रावसाच्या कल्ल्यातली ऊ आणि घोळ माशाच्या कल्ल्यातली ऊ या दोन्ही मायदेव एकाच जातीच्या धरून चालले होते. मादीच्या अंगावर मोहरीहून बारीक ठिपका असतो, तो तिचा नर. भागूबाई म्हणाली, "रावसावरचीचा दादला वेण्यांपाशी लोंबतो, घोळीवरचीचा मानेशी. मग घर एक कसं?" आम्ही दोघंही हसलो. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावल्यावर मायदेव हसायचे थांबले. घोळीवरची जात नवी होती, जगात कोणी नोंदलेली नव्हती.

नवी जात सापडली की तिला नाव ठेवायचं असतं. "बाई, तुमचंच नाव देतो," ते म्हणाले.

"माझं नको. हिराचं द्या."

"अगं, पोरीचं नाव उवेला?" मला राहवलं नाही.

"मास्तर, दुसरं कोण ठेवणार हाय तिचं नाव?"

मायदेवांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला. म्हणाले, राज्यं जातील, पण शास्त्रातलं नाव छापून आलं की पुसलं जात नाही. भागूबाईनं पदर डोळ्यांना लावला. मीही पाघळलो होतो, खोटं कशाला सांगू?

त्यांना शेकड्यांनी नमुने हवे होते. लपवून एवढं जमणार कसं? भागूबाई भर किनाऱ्यावर, चारचौघांदेखत उवा बाटलीत भरू लागली, आणि बायका पेटल्या. "सायबाला आपली घाण दाखवते," म्हणत तुळसानं तिची पाटी ओळीतून उचलली आणि पार टोकाला, खडकाशी नेऊन आपटली. गिऱ्हाईक तिथपर्यंत पोचायचंच नाही. चार वर्षं ती तिथे एकटी बसली, कोणी तिच्याशी बोलत नसे. मी विचारलं की म्हणायची, "हिराचं नाव येतंय ना, मग बसूदे."

१९३४ साली माझ्या पत्त्यावर मायदेवांचा छापील निबंध आला. मी निरोप धाडला. भागूबाई मासळी तशीच टाकून शाळेत आली. पायरीवर तिनं हात तीनतीनदा पुसले.

मी पान उघडलं. चित्र बरोबर होतं, घोळीवरची मादी आणि तिच्या मानेशी नर. नाव मात्र होतं मायदेवांच्या प्रिन्सिपॉलसाहेबांच्या मॅडमचं, लॅटिन शेपूट लावून. नराची जागा म्हणे खुद्द मायदेवांच्याच निरीक्षणात आली होती. आणि शेवटी एक ओळ, की स्थानिक कोळ्यांना या जिवांची काहीही जाण नाही.

भागूबाईनं वाकून चित्राखालच्या त्या इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवलं. "हे हिराचं?"

माझं डोकं सणकलं होतं. मी सगळं वाचून, मराठी करून सांगितलं, ती शेवटची ओळसुद्धा. "हिराचं नाव कुठंही नाही, भागूबाई. गळा कापला त्यानं तुझा!" आणि लागलीच मायदेवांना खरमरीत पत्र लिहायला कागद ओढला. मला वाटलं, आता ही शिव्या घालील आणि मी त्या सभ्य भाषेत उतरवून घेईन.

तिनं बोट उचललं नव्हतं.

"मना कुठं वाचता येतं, मास्तर?" ती म्हणाली. "तुमी हो म्हणायचं होतंत."