नळ, बोका आणि आमचे अभिप्राय

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. माळ्यावर रिकाम्या बरण्या साठतात तसे ते साठतात. टाकायचं म्हटलं की प्रत्येक बरणी कामाची वाटते!

बडोद्याच्या कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीत मोजकीच मराठी घरं. रविवारी संध्याकाळी सगळे माझ्याकडे जमतात, मी एखादी जुनी फिल्म लावतो. नियम एकच, आधी अभिप्राय, मग चहा. सगळ्यात जास्त वेळा लावलेलं एक छोटं कार्टून आहे. एक लठ्ठ बोका घरातला गळका नळ दुरुस्त करायला घेतो. नळापायी पाइप फुटतो, पाइपापायी भिंत जाते, भिंतीपायी छप्पर. शेवटी घर जमीनदोस्त, आणि ढिगाऱ्यात नळ तेवढा उभा. टप टप टप!

* * *

आमचे शिर्के रेल्वेतून रिटायर झालेले. कार्टून पाहताना हा माणूस हसलाच नाही, उलट टीव्हीवर ओरडला, "अरे गाढवा, आधी मेन कॉक बंद कर ना!"

संपल्यावर त्यांनी बोक्याच्या चुका एकेक करून सांगितल्या. कुठला पाना घ्यायला हवा होता, वॉशर कसा बसवायचा, सगळं. आम्ही चहाची वाट पाहत ऐकत बसलो.

शिर्केवहिनींच्या स्वयंपाकघरातला नळ कित्येक महिने सुतळीने बांधलेला आहे. त्या शांतपणे म्हणाल्या, "त्या बोक्याने निदान पाना हातात तरी घेतला!"

* * *

माझ्या बायकोचं मत फार थोडक्यात असतं. तिने एकदा विचारलं, "ह्या बोक्याची बायको कुठेय हो?"

मी म्हटलं, "दाखवलेली नाही."

"दाखवतील कशी? ती आत लादी पुसत असेल!"

त्या दिवशी चहा मी केला. तोही तिला पांचट लागला.

* * *

एकदा शिर्केवहिनींची पुण्याची बहीण आली होती. कार्टून संपलं तशा वहिनी म्हणाल्या, "बघा, घर समारता समारता पार समारून टाकलं!"

बहिणीला काही कळेना. मग तिला समजावलं, बाई, गुजरातीत दुरुस्तीला समारकाम म्हणतात, आणि भाजी चिरतात तीही 'समारतात'. आमच्या बडोद्याच्या मराठीत दोन्ही शिरलंय.

"म्हणजे दुरुस्त करणं आणि तुकडे करणं, दोन्हीला एकच शब्द?"

कोपऱ्यातून माने काका म्हणाले, "सुरी कुणाच्या हातात आहे, त्यावर असतं."

हे माने काका आमच्यात सगळ्यात वडील. पूर्वज संस्थानच्या फौजेत, स्वतः शाळेत पीटीचे सर. आमच्याच वरच्या मजल्यावर मुलगा नितीन आणि सुनेबरोबर राहायचे. घर काकांनीच घेतलेलं. त्याच आठवड्यात नितीनने ते समारायला काढलं.

* * *

धुळीने काकांना खोकला होईल म्हणून नितीनने त्यांना सुभानपुऱ्यात ठेवलं. वृद्धाश्रम म्हणायचं नाही, 'सिनियर होम' म्हणायचं! काम होईपर्यंतच, थोडेच दिवस. काका एक कापडी पिशवी घेऊन गेले.

आधी बाथरूम झालं. मग लाद्या, मग ओटा, मग फॉल्स सीलिंग. जिन्यात भेटला की मी नितीनला विचारायचो, "काका कधी येतायत?" तो म्हणायचा, "काम चालू छे, काका!"

एकदा मी सरळ खडसावलं. तर हसून म्हणतो कसा, "तुम्हीच ते कार्टून दाखवता ना? तसंच असतं हो. एक काढलं की दुसरं निघतं!"

माझ्याच कार्टूनने माझं तोंड बंद केलं.

* * *

मग आम्हीच लॅपटॉप घेऊन सुभानपुऱ्याला गेलो. म्हटलं, सगळ्या आजी-आजोबांना हसवू. बोक्याच्या डोक्यात फळी बसली तेव्हा सगळे खिदळले. छप्पर आलं तसं हसू कमी होत गेलं. घर पडलं तेव्हा कुणीच हसत नव्हतं.

काकांनी विचारलं, "मग तो राहायला कुठे गेला?"

शेजारच्या खुर्चीतल्या गुजराती आजी म्हणाल्या, "अहीं ज आवशे ने! मारी बाजुनो खाटलो खाली छे!"

म्हणजे, इथेच येणार की, माझ्या शेजारची खाट रिकामीच आहे! आणि मग सगळे जे हसले, ते ऐकवत नव्हतं.

* * *

शेवटी एकदाचं नितीनचं काम संपलं. सत्यनारायण ठेवला, सगळ्या सोसायटीला बोलावलं. काकांना रिक्षातून आणायचं काम माझ्याकडे. ते खाली उभेच होते, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात ती कापडी पिशवी. टूथब्रश वर डोकावत होता.

घरात शिरल्यावर सुनेने ट्रेमधून पाणी आणलं. काका म्हणाले, "सुंदर झालंय हो घर." मग पिशवी घेऊन आपल्या खोलीकडे वळले. तिथे काचेचं दार, आत टेबल, दोन कॉम्प्युटर.

नितीन घाईघाईने म्हणाला, "बाबा, तिथे आता माझं ऑफिस. तुम्हाला तिकडे बरंय ना? सोबत आहे, डॉक्टर आहे."

काका "हो, हो" म्हणाले आणि सोफ्याच्या कडेला बसले. पिशवी मांडीवर.

भिंतभर नवा टीव्ही होता. नितीनने आग्रहाने बोक्याचं कार्टून लावायला लावलं. पाहुणे पोट धरून हसले. आमच्या मंडळींपैकी एकानेही अभिप्राय दिला नाही.

मग पांगापांग झाली. नितीन दारात उभा राहून एकेकाच्या हातात प्रसादाचा डबा देत होता आणि हात जोडून, आमच्या गावात निघालेल्या पाहुण्याला 'पुन्हा या' अशा अर्थी म्हणतात तसं, "आवजो! आवजो!" म्हणत होता. रांगेत माझ्यापुढे काका. नितीनने डबा दिला, हात जोडले आणि त्याच ओघात म्हणाला, "आवजो!"

काकांनी डबा पिशवीत ठेवला. त्यांनीही हात जोडले.

"येतो हं. आता तुम्हीही या एकदा आमच्याकडे!"