दाजींचं प्लॅस्टिकचं चिलखत

आक्काचा फोन आला तेव्हा मी कोल्हापुरात, बावड्यातल्या माझ्या घरी दाढी करत होतो. ती एवढंच म्हणाली, "बाळू, ये रं." एरवी समोरचा माणूस गगनबावड्याच्या घाटात उभा आहे असं समजून आक्का फोनवर ओरडते. त्या सकाळी ती इतक्या हळू बोलली, की पुढचं काही विचारायची गरज उरली नाही. अर्ध्या दाढीनंच निघालो... दाजी गेले होते. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आनंदराव. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आयुष्यभर उसाच्या रसाची परीक्षा करणारे केमिस्ट, आणि नात्यानं माझ्या चेष्टेचे पहिले हक्कदार. दाजींनी मेव्हण्याची आणि मेव्हण्यानं दाजींची फिरकी घ्यायची, ही आमच्याकडची रीत आम्ही दोघांनी लग्नाच्या मांडवापासून इमानेइतबारे पाळली होती. आता एकट्यानं ती कशी पाळायची ते मला कळत नाही.

दुपारपर्यंत आक्काचं घर माणसांनी भरलं. दाजींचं गाव बिद्रीच्या बाजूचं. तिकडून त्यांचे एक म्हातारे चुलते आले होते. ते भिंतीला टेकून बसले, डोळे पुसले, आणि मग राहून राहून खोलीच्या कोपऱ्याकडे बघायला लागले. कोपऱ्यात पाइपच्या स्टँडवर छाती, पाठ, खांदे, दंड, मांड्या, नडग्या आणि वर डोक्याचा टोप, असा पांढराफेक, माणसाएवढा ऐवज उभा होता. शेवटी चुलत्यांनी मला खुणेनं बाजूला घेतलं आणि कानाशी येऊन म्हणाले, "पावणं, आनंदाला एवडं प्लॅस्टर घातलंतं, आन् आमाला कुणी कळवलं बी न्हाय?" मला हसू आलं. मयताच्या घरात, दारात माणसं बसलेली असताना, मला हसू आवरेना, म्हणून मी परसात गेलो आणि तिथं रडलो. हे सांगायचं तर मला दाजींनाच सांगायचं होतं.

त्या पांढऱ्या ऐवजाची हकिगत अशी. दाजी रिटायर झाल्यावर पुण्याला सईकडे, त्यांच्या मुलीकडे, राहायला गेले होते. तिथल्या एका मॉलमध्ये पांढऱ्या चिलखतातले अंतराळ-सैनिक उभे केले होते आणि पोरंटोरं त्यांच्याशेजारी फोटो काढत होती. दाजींनीही रांग लावून फोटो काढला, पण त्यांचं तेवढ्यावर भागलं नाही. त्यांनी त्या सैनिकाच्या दंडावर टिचकी मारून बघितली, सांधा शोधला, आणि विचारलं, "ह्यात बसाय येतंय का?" आतला पोरगा येत नाही म्हणाला. कोल्हापूरला परतल्यावर महिनाभर त्यांच्या तोंडी तोच विषय. सईनं वाढदिवसाला तसलाच संच परदेशातून मागवून दिला. तो काही तयार कपडा नसतो. साच्यावर ओढलेले पातळ प्लॅस्टिकचे भाग येतात, प्रत्येकाला चारी बाजूंनी नको असलेला रुंद काठ असतो, आणि तो काठ कापायचा, कडा घासायच्या, दोन-दोन भाग जोडून दंड नि पाय करायचे, मग सगळं आपल्या अंगावर बसवायचं, हे काम घेणाऱ्याचं. खोकं उघडलं तेव्हा आक्का पदराला हात पुसत आली, डोकावली आणि म्हणाली, "न कातलेल्या करंज्या हाईत की ह्या." मला तरी सोबतच्या इंग्रजी कागदापेक्षा तेच लवकर समजलं.

मी घाईचा माणूस आहे. शाळेत भूगोल शिकवला, तोही चार रेघांत खंड काढून. दाजींचं सगळं उलटं. पेन्सिलीनं रेघ आखायची, तिच्यावरून कटर हलक्या हातानं दोनदा ओढायचा, मग काठ वाकवायचा की तो कट्‌कन सरळ मोडतो. वळणावर पत्रा कापायची कात्री. आतल्या गोलाईला आक्काचं लाटणं, त्याला पॉलिश पेपर गुंडाळून घासायचं. त्या आठवड्यात चपात्यांना प्लॅस्टिकचा वास येत होता आणि आक्कानं दोघांनाही नवीन लाटणं आणायला पिटाळलं. चिकटवलेले भाग कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी धरून ठेवलेले असत, त्यामुळे उन्हाळाभर त्या घरातले धुतलेले कपडे वाऱ्यानं खाली पडत राहिले. दाजींचा नियम एकच होता. "अर्धं काप, घालून बग, मग ऱ्हायलेलं काप. कापाय कात्री लागती बाळू, वाढवाय अक्कल लागती." कापलेला एकही तुकडा ते टाकू देत नसत. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ते तुकडे जायचे, त्यावर नखांचा रंग काढायचं औषध असतं तसला द्राव ओतायचा, आणि दुसऱ्या दिवशी बरणीत पांढरी, दाट पेस्ट तयार. ती फटीत भरली की सांधा दिसत नसे. बरणी उजेडाकडे धरून बघताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, की गाळप हंगाम पुन्हा सुरू झालाय आणि पहिल्या पाळीचा रस यांच्याच हातात आलाय.

मे महिन्यात छाती आणि पाठ पहिल्यांदा अंगावर चढवली. हे भाग कुणा परदेशी मध्यम माणसाच्या मापाचे. दाजी अंगानं थोराड, त्यातून तांबडा-पांढरा रस्सा आणि आक्काच्या हातचं यांनी घडवलेलं पोट. दोन्ही भाग बगलेखाली जुळेनात, मध्ये चांगली हातभर फट. मी म्हणालो, "दाजी, चिलखत परत पाठवूया आणि टाकी मागवूया." त्यांनी माझ्याकडे लक्षही दिलं नाही. संचातले उरलेले काठ जोडून त्यांनी दोन्ही कुशींना रुंद पट्ट्या बसवल्या, बरणीतली पेस्ट लावून सांधे बुजवले. आरशासमोर उभे राहून पोटावर टकटक वाजवलं आणि म्हणाले, "फॉरेनच्या माणसाला येवडी छाती हाय का?" तिला छाती म्हणायचं धाडस त्यांचंच.

नडग्यांचे भाग आधीच होऊन गेले होते, इतके घट्ट की ते चढवताना मला त्यांचा पाय मांडीवर घेऊन बसावं लागे. जुलैत एकदा पाऊस पडत होता म्हणून आम्ही सहज सगळं घालून बघायला काढलं. दाजी दोन पावलं चालले आणि डाव्या पायाचा भाग घसरून घोट्यावर बसला. मग उजवा. आम्ही दोघंही हसलो. ते पुन्हा खुर्चीवर बसले, पोटरी आणि प्लॅस्टिक यांच्यामध्ये बोट घातलं, मग दुसरं बोट घातलं. "जोडताना आपण जरा सैल धरलं बग," म्हणाले. मी "व्हय" म्हणालो. आयुष्यभर मोजमाप केलेला माणूस... त्यांना कळलं नसेल असं मला तेव्हाही वाटलं नाही. त्यांचं जेवण कमी झालं होतं हे मी बघत होतो, पण वयाच्या नावावर टाकत होतो. पुढच्या आठवड्यात डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. पोटात गाठ निघाली, आणि ती काढण्याच्या पलीकडे गेली होती.

आक्कानं हे ऐकून घेतलं आणि स्वयंपाकघरात गेली. त्या दिवसापासून तिनं एकच पण धरला. माणूस खाल्लं की भरतो. सकाळी नाचणीची आंबील, दुपारी मऊ भात, संध्याकाळी अळणी सूप, मधे शिरा, मधे दूध. दाजी दोन घास खायचे आणि चव मोठ्यांदा वाखाणायचे. आलेल्या-गेलेल्यानं "किती वाळला वो" म्हटलं, की आक्का त्याला चहासुद्धा न देता वाटेला लावी. शब्दच काढायचा नाही, असा त्या घराचा कायदा झाला. मीही तो पाळला, कारण आक्काच्या हाताखाली वाढलेला माणूस तिचा कायदा मोडत नसतो.

इकडे कॉलनीच्या मंडळानं गणपतीला सजीव देखावा ठरवला होता. दरवर्षी पौराणिक नाहीतर ऐतिहासिक, या वर्षी पोरांनी टूम काढली की गणपतीचा उंदीर मोदक शोधत मंगळावर जातो. तिथल्या पहारेकऱ्याचं काम अर्थातच दाजींना. त्यांना कधी कुणी रंगमंचावर उभं केलं नव्हतं. शाळेच्या गॅदरिंगला पडदा ओढायचे, मंडळात वायरी जोडायचे. या कामासाठी ते डॉक्टरांच्या तारखा मागेपुढे करून घेत होते. मला त्यांनी एकदा सरळ सांगितलं, "बाळू, दुसरं काय मागत न्हाय. तेवडं उबं ऱ्हायाचंय बग."

गणपती जवळ आल्यावर आम्ही छाती-पाठ पुन्हा चढवली. दाजी डावीकडे वळले आणि चिलखत तसंच समोर बघत राहिलं. खांद्यावरून ते घागरीसारखं लोंबत होतं. दाजींनी खाली मान घालून आतल्या पोकळीत बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "पट्ट्या काडून टाक. आन् कुशीला चार बोटं आत घे." मी कटर उचलला. दारातून आक्काचा आवाज आला, "हात लावायचा न्हाय."

"आगं, अंगावर ऱ्हाईना ते," दाजी म्हणाले.

"आज ऱ्हाईना. औशद चालू हाय. दिवाळीपतूर अंग धरतंय. मग काय परत जोडत बसनार?"

"जोडता येतंय की. बरणी हाय."

"कापायचं न्हाय म्हंजे न्हाय," आक्का म्हणाली, आणि तिनं येऊन ते दोन्ही भाग त्यांच्या अंगावरून काढून घेतले, आतल्या खोलीत नेले आणि दार लोटून घेतलं. मी कटर हातात धरून उभा. दाजींनी पेस्टच्या बरणीचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाले, "तिला सगळं कळालंय, बाळू. माज्यापेक्षा जास्त. पर ते कात्रीनं कापलं की खरं हुतंय न्हवं... ऱ्हाऊ दे." आणि त्यांनी मंडळाच्या अध्यक्षाला फोन करून सांगितलं, की पहारेकरी दुसरा बघा. मला त्यांचा इतका राग कधी आला नव्हता आणि त्यांच्याबद्दल इतकी मायाही कधी वाटली नव्हती. एवढ्या हौसेनं केलेली गोष्ट त्यांनी बायकोच्या एका शब्दासाठी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी गेलो तर आक्का त्यांचं माप घेत होती. ती जन्मभर कॉलनीतल्या बायकांचे ब्लाउज शिवत आली आहे, आणि फीत लावली की आकडा मोठ्यांदा बोलायची तिची सवय आहे. त्या दिवशी छाती, कंबर, खांदा, सगळं मोजलं आणि एक आकडा बोलली नाही. मग ट्रंकेतून आमच्या आईची जुनी लुगडी काढली. त्यांचे थर एकावर एक घातले, मधे कापूस पसरला, आणि वाकळेला घालतात तसे धावदोरे घालत बिनबाह्यांची एक बंडी शिवायला घेतली. तीनचार दुपारी ती त्यातून उठली नाही. बंडी आतून दाजींच्या त्या वेळच्या अंगाची आणि बाहेरून मे महिन्यातल्या दाजींची. कुशीला जाड, पोटावर आणखी जाड. उरलेल्या कापडाच्या घड्या नडग्यांत गेल्या. ती घालून वर चिलखत चढवलं तेव्हा पट्ट्यांसकट सगळं जागच्या जागी बसलं. दाजींनी पोटावर टकटक वाजवलं. आक्का म्हणाली, "बगा. कापलं असतं म्हंजे?" दाजी म्हणाले, "तुजं बराबर हुतं." अध्यक्षाला पुन्हा फोन गेला.

देखाव्याच्या दिवशी पहारेकऱ्याला मंडळानं शुद्ध मराठीत वाक्य लिहून दिलं होतं. पडदा उघडला, उंदीर मंगळावर उतरला, आणि दाजींनी टोपाच्या आतून ठणठणीत आवाजात विचारलं, "काय पावणं, कुणाकडं निगालाय?" रस्ता हसला. प्रत्येक खेळाला तेच वाक्य, प्रत्येक खेळाला तेच हसू. मधल्या वेळात बसता येत नव्हतं, म्हणून ते खांबाला टेकत आणि मी टोपाखालून नळीनं पाणी पाजत असे. टोप काढल्यावर ओळखीची माणसं पुढे येऊन म्हणत होती, "सायेब, तब्येत सुदारली की." दाजी आक्काकडे बोट दाखवून म्हणत, "हिच्या हातचं खातोय न्हवं." आक्का पदरानं त्यांच्या कपाळावरचा घाम पुसत होती. इतकी खूश मी तिला सईच्या लग्नातही बघितली नव्हती.

त्यानंतर चिलखत स्टँडवर गेलं ते परत निघालं नाही. दिवाळीच्या सुमारास दाजींना सारखी थंडी वाजू लागली, तेव्हा ते ती बंडी अंथरुणातच घालून असत. मी जवळ बसलो की डोळे न उघडता विचारायचे, "कोण? पावणं का?" कायदा शेवटपर्यंत कुणी मोडला नाही. आक्का शेवटच्या दिवशीही आंबील घेऊन बसली होती.

परवा सकाळी तिच्याकडे गेलो. कडाक्याची थंडी होती. आक्का चुलीपुढे बसून पाणी तापवत होती आणि तिनं साडीवर ती बंडी घातली होती. आक्का म्हणजे पाच फुटांच्या आतली, काडीसारखी बाई. लग्नात तिला दाजींच्या शेजारी उभी केली तेव्हा लोक हसले होते. बंडी तिच्या अंगात पोतं घातल्यासारखी दिसेल असं मला वाटलं होतं. ती उठून उभी राहिली. खांदे खांद्यावर होते, कुशी कुशीला.

मी बघत राहिलो हे तिच्या लक्षात आलं. तिनं बंडीच्या गुंड्यांवरून हात फिरवला.

"मला बसली ही, बाळू," ती म्हणाली. "बराबर बसली... येवडंसं झालंतं रं ते माणूस."