माझी लखलखीत टेस्ट ट्यूब

काय आहे नं, स्वच्छतेचा फार टेंभा मिरवू नये. माझ्या स्वच्छतेपायी कुंदाचं शिक्षण सुटता सुटता राहिलं. कसं, ते ऐकाच.

आम्ही तेव्हा नागपुरात बी.एस्सी.ला. कुंदा जवळच्या कुही गावची, माझी जिवाभावाची मैत्रीण. आदल्या साली ती प्रॅक्टिकलमध्ये नापास झालेली. यंदाही झाली तर घरचे कॉलेज सोडवणार होते.

परीक्षेत प्रत्येकीला एक बाटली. आत मिथाइल अल्कोहोल की एथिल, एवढंच ओळखायचं. दिसायला दोन्ही पाण्यासारखी. आयोडीन आणि कॉस्टिक सोडा घालून कोमट करायचं. पिवळा गाळ आला तर एथिल, नाही आला तर मिथाइल.

मला ओल्या टेस्ट ट्यूबचा भारी तिटकारा. मी ती ॲसिटोननं विसळायची. ते भुर्रकन उडतं, ट्यूब कशी लखलखीत! टेस्ट केली, तर पिवळाधमक गाळ. मी ऐटीत एथिल लिहिलं.

"कुंदे, तुझं काय?"

"काहीच नाही आलं वं. मिथाइल लिहिलं."

"येईल कसं? ट्यूब पाह्य किती मळकट आहे. हे माझी घे, आत्ताच विसळली."

माझ्या ट्यूबमध्ये तिलाही पिवळं आलं. बिचारी घाबरली.

"पक्कं नं वं? माझं वर्ष जाईन."

"मी सांगून राहिली नं!"

तिनं मिथाइल खोडलं.

एवढ्यावर थांबावं की नाही? पण मला कुतूहल. साध्या पाण्यावर केलं तर? ट्यूब पुन्हा विसळून नळाचं पाणी घेतलं, तर तेही पिवळं. म्हटलं, आपण तर शोधच लावला! बाहेरून आलेल्या परीक्षकांकडे ट्यूब नाचवत गेले.

"सर, नळाच्या पाण्यात अल्कोहोल आहे."

सरांनी चष्मा वर केला. "मग गाव शुद्धीवर कसं? ट्यूब कशानं धुतली?"

"ॲसिटोननं, स..."

ॲसिटोनलाही अगदी असाच पिवळा गाळ येतो, आणि सगळं उडालं वाटलं तरी ट्यूबमध्ये ते थेंबभर उरलेलं. हे मला तोंडपाठ होतं हो!

"टेस्ट उत्तम केलीस," सर म्हणाले. "ट्यूबमध्ये तू जे टाकलं होतंस, ते बरोब्बर सापडलं. आम्हाला बाटलीतलं हवं होतं."

सरांनी आम्हा दोघींना पुन्हा टेस्ट करू दिली. कुंदानं आपली मळकी ट्यूब छातीशी धरली आणि मिथाइल ओळखून पास झाली. माझीही बाटली मिथाइलचीच निघाली. सरांनी माझे मार्क कापले, ते गेलेच.

कुंदा आता नागपुरातच, नंदनवन वस्तीत राहते. माझ्याकडे चहाला येते तेव्हा मी कप विसळायला घेतला की म्हणते, "राहू दे वं, मले खरकटाच चालते."